भट्टीचे धनी : विठ्ठलराव विखे पाटील

शेतात डोलणारे पीक पाहून आपण म्हणतो की यंदा अन्न चांगले पिकले. परंतु थोडा विचार केला तर ध्यानी येते की, शेतातून ताटात येईपर्यंत त्या पिकाला फार मोठा प्रवास करावा लागतो. ज्वारीचे कणीस खळ्यावर मळावे लागते, दाणे जात्यावर अथवा गिरणीत दळावे लागतात, आणि पीठ तयार झाले तरी चुलीतील जाळावाचून त्याची भाकरी होत नाही. तुरीची डाळ, भुईमुगाचे तेल, उसाची साखर ह्या सर्वांचे असेच आहे. ह्या वाटेवरील प्रत्येक टप्प्यावर कोणते ना कोणते बळ खर्ची पडते. कधी ते माणसाचे असते, कधी बैलाचे, कधी लाकडाचे वा कोळशाचे, तर कधी विजेचे. नांगर धरणारा हात सर्वांस दिसतो. नंतर खर्च होणारी ही शक्ती मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि खरी गोम अशी की, पिकाचे मोल पुष्कळदा ह्याच टप्प्यांवर वाढते. ज्याच्या मालकीची गिरणी, घाणा वा भट्टी असते, त्याच्याच पदरात ते वाढलेले मोल पडते.

ही गोष्ट महाराष्ट्रातील एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने ओळखली आणि तिच्यावर उपाय शोधण्यात आपले सारे आयुष्य वेचले. त्या थोर पुरुषाचे नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

विठ्ठलरावांचा जन्म एकोणिसावे शतक सरून विसावे उजाडत होते त्या सुमारास, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, लोणी बुद्रुक ह्या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या खोऱ्यात आहे. तो मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस आला तर आला, नाही तर गुरांना चारा नाही आणि माणसांना दाणा नाही, अशी तेथील स्थिती. शेतकरी पेरणीसाठी कर्ज काढी, पीक हाती येताच ते सावकाराच्या वाड्यात जाई, आणि पुढील पेरणीस पुन्हा कर्ज काढावे लागे. ह्याच पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून त्यांची खतपत्रे जाळली होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. कागद जळाले, परंतु कर्ज काही जळाले नाही. विठ्ठलराव लहानाचे मोठे झाले ते अशा वातावरणात. शाळा त्यांना मराठी चौथीपर्यंतच लाभली. पुढचे शिक्षण त्यांनी शेतात, बाजारात आणि माणसांच्या सहवासात घेतले.

त्यांनी पहिला घाव घातला तो सावकारीच्या मुळावर. १९२३ साली त्यांच्या पुढाकाराने लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी स्थापन झाली. दहापाच शेतकऱ्यांनी आपली थोडीथोडी शिल्लक एकत्र करावयाची, आणि ज्याला गरज असेल त्याला माफक व्याजाने कर्ज द्यावयाचे, अशी ही साधी रीत होती. दिसावयास लहान असलेल्या ह्या कामाने गावकऱ्यांना एक मोठी गोष्ट शिकवली. आपण एकमेकांच्या शब्दावर पैसा देऊ शकतो आणि तो परतही येतो, हा विश्वास त्यांच्या मनात रुजला. पुढे जी प्रचंड इमारत उभी राहिली तिचा पाया ह्याच विश्वासाचा होता.

ह्याच काळात प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटत होते. सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा येथे १९१० पासून चाललेले धरणाचे काम १९२६ साली पूर्णत्वास गेले. प्रवरेच्या कालव्यांतून पाणी खेळू लागले आणि जेथे बाजरी कशीबशी येई तेथे ऊस उभा राहिला. पाणी आले म्हणजे दैन्य गेले, असे कोणासही वाटावे. पण तसे झाले नाही. त्याचे कारण समजण्यासाठी उसाची साखर कशी होते हे पाहिले पाहिजे.

उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. साखर त्या पाण्यात विरघळलेली असते. ऊस पिळून रस काढणे हे काम कष्टाचे खरे, परंतु त्याहून कितीतरी जास्त शक्ती रसातील पाणी उडवण्यास लागते. बर्फासारखे गार पाणी उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची संपूर्ण वाफ करण्यास लागते. म्हणजे साखरेचा किंवा गुळाचा धंदा हा मुख्यतः जाळाचा धंदा होय. त्यातून आणखी एक अडचण अशी की, तोडलेला ऊस फार वेळ ठेवता येत नाही. एकदोन दिवस गेले की त्यातील साखर उतरू लागते. ज्वारीसारखे तो पेवात भरून भाव चढण्याची वाट पाहणे शक्य नसते. तोडला की लागलीच गाळलाच पाहिजे.

शेतकऱ्याजवळ त्यासाठी एकच साधन होते, ते म्हणजे गुऱ्हाळ. बैलांनी फिरणाऱ्या किंवा इंजिनावर चालणाऱ्या चरकातून रस निघे, तो मोठ्या काहिलीत ओतला जाई, आणि खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे घालून जाळ केला जाई. पाक कधी उतरवावा हे जाणणारा गुळव्या आणि जाळ सांभाळणारा जळव्या हे दोघे त्या भट्टीचे खरे कारागीर. त्यांचे कसब मोठे होते ह्यात शंका नाही. परंतु काहिलीतून उठणारी सारी वाफ आकाशात जाई आणि तिच्याबरोबर उष्णताही जाई. चरकाने रसही पुरता निघत नसे. इतका खटाटोप करून झालेला गूळ बाजारात नेला की भाव ठरवणारा तेथे दुसराच कोणी असे. गुळाचा भाव कोसळला तर जाळलेले इंधन, राबलेले बैल आणि भरलेली पाणीपट्टी ह्यांचा खर्चही निघत नसे. १९२९ नंतर आलेल्या जागतिक मंदीत भाव कोसळले तेव्हा कालव्यावरचे अनेक बागाईतदार बुडाले.

शास्त्राने ह्या जाळावर पूर्वीच एक उत्तम तोड काढलेली होती. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियो नावाच्या अभियंत्याने १८४३ साली एका नव्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची आई कृष्णवर्णीय होती, आणि तो ज्या प्रदेशात राहत होता तेथे त्या काळी गुलामगिरी चालू होती. उकळत्या रसाच्या कढया एकीतून दुसरीत ओतताना गुलाम भाजून निघत, आणि लाकूड तर पर्वतासारखे जळे. रिलियोची युक्ती अशी होती. बंद भांडी ओळीने मांडावयाची. पहिल्या भांड्यातील रसातून निघालेली वाफ वाया न जाऊ देता तिनेच दुसऱ्या भांड्यातील रस उकळावयाचा, आणि दुसऱ्याच्या वाफेने तिसऱ्यातील. पुढच्या भांड्यांतील हवेचा दाब कमी ठेवला की तेथे रस कमी उष्णतेवरही उकळतो. अशा रीतीने एकाच वाफेकडून तीन वेळा काम करून घेता येते. जगातील साखरधंद्याने ही रीत उचलली आणि इंधनाची अपार बचत झाली.

मग प्रवरेकाठच्या शेतकऱ्याने ही यंत्रे का आणली नाहीत? उत्तर सरळ आहे. ती यंत्रे लाखो रुपयांची. त्यांना रोज शेकडो टन ऊस लागतो. एकट्यादुकट्याने अशी भट्टी पेटवता येत नाही. म्हणून ती पेटवली ती भांडवलवाल्यांनी. प्रवरेच्या कालव्यावर हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतः ऊस पिकवला. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिल्यावर असे कारखाने झपाट्याने वाढले. धरण झाले, पाणी आले, ऊस आला, यंत्रही आले. पण जमिनीचा धनी आपल्याच शिवारात खंडकरी अथवा मजूर होऊन बसला. आमच्या भागाच्या जवळचे उदाहरण द्यावयाचे तर निजामाबाद जिल्ह्यातील बोधन येथे १९३७ साली निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. तिच्या मागे निजाम सरकारचे बळ होते. एके ठिकाणी भट्टी कंपनीची, दुसऱ्या ठिकाणी सरकारची. शेतकऱ्याची मात्र कोठेच नव्हती, असे म्हणावे तर आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ पासून सहकारी साखरउत्पादनाचा एक स्तुत्य प्रयत्न चालू होता. महाराष्ट्रात मात्र ती वाट अद्याप कोणी चोखाळली नव्हती.

१९४५ साली बेलापूर येथे दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी गुळाच्या भावाची रड गात बसण्यापेक्षा स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, असा विचार त्यांनी मांडला. विचार पुष्कळ सभांत मांडले जातात आणि मंडपाबरोबर गुंडाळलेही जातात. हा विचार टिकला, कारण सभेत विठ्ठलराव होते. गाडगीळ हे जगभरचे अर्थशास्त्र कोळून प्यालेले पंडित, आणि विठ्ठलराव हे चौथी शिकलेले शेतकरी. परंतु दोघांची मने जुळली. एकाने आराखडा आखला आणि दुसऱ्याने त्यासाठी माणसे उभी केली.

माणसे उभी करणे हे काम काही सोपे नव्हते. विठ्ठलराव गावोगाव फिरले. ज्यांनी आजवर सावकार पाहिला, कंपनी पाहिली, त्यांना शेतकऱ्यांच्या कारखान्यावर विश्वास कसा बसावा? नांगरधारी माणसाने कारखाना चालवावा ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. पैसे घेऊन हे लोक पळून जातील, अशीही कुजबुज होई. विठ्ठलरावांनी रागाचा शब्द न काढता पुन्हा त्याच दाराशी जावे आणि पुन्हा समजावून सांगावे. पंचवीस वर्षे निष्कलंक चाललेली लोणीची पतपेढी हीच त्यांची मोठी साक्ष होती. हळूहळू भागभांडवल जमले. मुंबई सरकारात त्या वेळी वैकुंठभाई मेहता हे सहकाराचे निष्ठावंत पुरस्कर्ते मंत्री होते. त्यांचा आधार लाभला. १९४८ साल संपता संपता कारखान्याची नोंदणी झाली. गाडगीळ अध्यक्ष झाले, विठ्ठलराव उपाध्यक्ष. लोणीजवळच्या खडकाळ माळरानावर पाया खणला गेला, आणि ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या भट्ट्या प्रथम पेटल्या. रोज सुमारे ५०० टन ऊस गाळण्याची त्याची शक्ती होती. त्या माळाचेच पुढे प्रवरानगर झाले.

त्या भट्टीत काय जळत होते, हे आमच्या विद्यार्थी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. साखर कारखान्याचे मुख्य इंधन म्हणजे उसाचेच चिपाड. शंभर टन ऊस गाळला की साधारणपणे तीस टन ओलसर चिपाड, दहा-अकरा टन साखर आणि सुमारे चार टन मळी निघते. बाकीचा मोठा भाग पाण्याचा. चिपाड बॉयलरमध्ये जाते, त्याच्या जाळाने वाफ होते, ती वाफ आधी यंत्रे फिरवते, आणि यंत्रांतून बाहेर पडल्यावर तीच रस उकळण्यास जाते. तेथे रिलियोच्या युक्तीप्रमाणे ती भांड्यामागून भांड्यात राबते. म्हणजे ऊस हे पीकच असे आहे की ते आपल्या स्वयंपाकाचे सरपण आपल्याबरोबरच घेऊन येते. बहुतेक पिकांना हे भाग्य नाही. गुऱ्हाळातही चिपाडच जळत असे. परंतु तेथे जे जेमतेम पुरे, ते येथे काटकसरीने वापरले तर उरू लागले. पुढे कारखान्यांनी अधिक दाबाचे बॉयलर बसवले, आणि उरलेल्या चिपाडापासून वीज निर्माण करून ती बाहेर विकण्यास प्रारंभ झाला. मळीपासून मद्यार्क होतो, आणि तोच आज इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळला जातो.

ह्या साऱ्याचा हिशेब आता कोणाच्या वहीत लिहिला जाऊ लागला, हाच विठ्ठलरावांच्या कार्याचा गाभा होय. साखर विकली, मळी विकली, इंधन वाचले, तर तो लाभ ऊस घालणाऱ्या सभासदांचा झाला. त्याच पैशातून रस्ते झाले आणि शाळा निघाल्या. प्रवरानगरला १९६४ साली निवासी शाळा सुरू झाली आणि पुढे रुग्णालय उभे राहिले. स्वतः चौथीपलीकडे न गेलेल्या ह्या माणसाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले, ही गोष्ट शाळेच्या नियतकालिकात मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. १९६१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रवरानगरास येऊन गेले, आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री हा किताब मिळाला. कारखान्याचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले. परंतु धोतर, सदरा, डोईला पागोटे आणि बोलण्यात शेतकऱ्याचा साधेपणा, हे त्यांचे रूप शेवटपर्यंत पालटले नाही. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. तो कारखाना आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

चरित्र लिहिताना केवळ उजेडाचाच भाग सांगावा, असे आम्हांस वाटत नाही. प्रवरेच्या उदाहरणाने महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली. परंतु आज त्या राज्यात हंगामात चालणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खाजगी आहेत. अनेक सहकारी कारखाने कर्जाने व गैरकारभाराने बंद पडले किंवा विकले गेले. भट्टी आपली आहे एवढे म्हणून भागत नाही, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. ऊस फार पाणी पितो, आणि दुष्काळी मुलखात ते पाणी कोणाच्या तरी वाट्याचे असते. सर्वांत मोठी उणीव अशी की, कारखान्याच्या दारापर्यंत ऊस पोचवणारे बळ ज्यांच्या अंगाचे, ते ऊसतोड कामगार सभासद नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो माणसे बायकामुलांसह फडावर जातात, आणि त्यांची मुले ऐन शाळेच्या दिवसांत शाळेला मुकतात. विठ्ठलरावांनी शेतकऱ्यांस भट्टीचे धनी केले. ह्या कष्टकऱ्यांस धनी करणारा विठ्ठल अजून यावयाचा आहे.

बोधनची भट्टीही २०१५ साली विझली. एके काळी निजामाच्या राज्याचे भूषण म्हणून जिची कीर्ती होती, तिच्या चिमण्या थंड पडल्या आणि ऊस लावणारे व कामगार हवालदिल झाले. ज्या अग्नीची राखण दुसऱ्याच्या हाती असते, तो कधी विझेल ह्याचा नेम नसतो, हेच तेथेही दिसून आले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. तामसीच्या आसपासच्या शिवारांत ऊस नव्हे, तर कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके मुख्य आहेत. तूर पोत्यांत भरून आडतीवर जाते आणि तीच डाळ होऊन दुकानात आली की आपण ती चढ्या भावाने विकत घेतो. सोयाबीन दाण्याच्या रूपाने बाहेर जाते आणि तेलाच्या पिशवीत परत येते. ह्या दोन भावांमधील अंतरात कोठेतरी एक यंत्र फिरत असते, कोठेतरी जाळ पेटलेला असतो, कोठेतरी मालमोटार धावत असते. त्या शक्तीचा खर्च आपणच भरतो, परंतु तिच्यावर मालकी आपली नसते. डाळीच्या गिरणीस साखर कारखान्याइतके भांडवल लागत नाही. दहापाच गावांनी एकमेकांवर विश्वास ठेवला तर ती उभी राहू शकते. मात्र विठ्ठलरावांनी कारखान्याच्या आधी पंचवीस वर्षे पतपेढी चालवली, हे विसरून चालणार नाही. आधी विश्वास जमतो, मग भांडवल जमते, आणि मगच भट्टी पेटते. हा क्रम उलटा करू पाहणारे पुष्कळ प्रयत्न फसले आहेत.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत एक अभ्यास अवश्य करावा. घरात येणाऱ्या एखाद्या अन्नपदार्थाची निवड करावी आणि तो शेतातून निघून चुलीवर चढेपर्यंत कोठे कोठे गेला, प्रत्येक ठिकाणी कोणते इंधन जळले, कोणाचे हात राबले आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, ह्याची नोंद वहीत करावी. वडीलधाऱ्यांनीही त्यात हातभार लावावा. प्रवरेकाठच्या त्या शेतकऱ्याने हाच हिशेब मनातल्या मनात मांडला होता, आणि त्याच्या उत्तरातून माळरानावर एक नगर वसले.